टेट सर आणि मंडईतली दंडार

पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या डब्यात डोकावून विचारलं, "मॅडम, यात आवळा कुठं आहे?"

मी अकोल्याहून गोंदियाच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला नुकतीच आले होते. स्टाफरूममध्ये कुणाशी ओळख नव्हती. समोर हा उंच, पाठीत वाकलेला माणूस. भर उकाड्यात डोक्याला माकडटोपी. मी उत्तर देईपर्यंत त्यांनी स्वतःच्या खिशातला आवळा काढून माझ्या पोळीवर ठेवला होता.

"नाही आवडला तरी खा. तुमच्यासाठी नाही, टेटसाठी आहे."

"टेट कोण?"

हा प्रश्न त्या स्टाफरूममध्ये विचारायचा नसतो, हे मला माहीत नव्हतं. बाकीच्यांनी भराभर डबे मिटले. इतिहासाचे सर तर हात न धुताच तासाला पळाले. सरांनी खुर्ची ओढली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि माझा उरलेला दिवस ताब्यात घेतला.

"मॅडम, धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, पाहिली का कधी? डीएनए म्हणजे गावभरच्या बांध्या समजा. प्रत्येक बांधीत सदा पाणी सोडून चालत नाही. जिथं नको तिथं धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, तोंड चिखलाच्या गोळ्यानं बुजवायचं. हा गोळा म्हणजे मेथिल. डीएनएवर मेथिल जाऊन बसला की तिथलं जनुक गप्प. आता उद्या त्याच बांधीत पाणी पाहिजे झालं, तर गोळा काढायला फावडा घेऊन कोण जाईल?"

"टेट?" मी अंदाजानं म्हटलं.

सर इतके खूश झाले की मला दुसरा आवळा मिळाला.

तर टेट हे एक एंझाइम. आपल्या पेशींत असतं आणि डीएनएवरचे मेथिल काढायची सुरुवात करतं. ते एकटं नाही, तीन भाऊ आहेत: टेट-एक, टेट-दोन आणि टेट-तीन. काम करायला त्यांना लोह लागतं, आणि क जीवनसत्त्व जवळ असलं की हुरूप येतो. म्हणून आवळा. "आवळ्यानं रोग बरा होतो असं मी म्हणत नाही हं," सर बजावायचे, "फक्त टेटला बरं वाटतं." पाहुणा आला की त्याला चहाखेरीज बरं वाटेल असं काही त्यांच्या घरात नसे, पण त्याच्या टेटची सोय चोख असे.

सर प्राणिशास्त्र शिकवायचे. अभ्यासक्रमात टेट जेमतेम एका ओळीत होतं. सरांच्या तासाला ती एक ओळ दिवाळीपर्यंत चालायची. एकदा त्यांनी पेपरात प्रश्न घातला, 'बेडकाची आकृती काढून त्यात टेट कुठे असते ते दाखवा.' एका पोरीनं कंटाळून अख्खा बेडूक हिरव्या पेन्सिलीनं रंगवला. तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. टेट सगळीकडेच असतं, हे ओळखणारी वर्गात ती एकटीच निघाली.

एका विद्यार्थ्याच्या लग्नात त्यांना दोन शब्द बोलायला माइकवर बोलावलं. ते म्हणाले, "होणारं बाळ बापासारखं झालं नाही तर बापानं रुसू नये. गर्भ राहिल्या राहिल्या टेट-तीन कामाला लागतो आणि सगळ्यात आधी बापाकडून आलेले मेथिल खरवडून काढतो. बापाची मनमानी तिथंच संपते." नवरीकडच्या बाया टाळ्या वाजवत राहिल्या. नवरदेवाचे वडील मात्र आम्ही जेवून निघेपर्यंत सरांच्या पंगतीकडे फिरकले नाहीत.

आणि ती पाटी! शंका विचारायला पोरं घरी यावीत म्हणून सरांनी फाटकावर पाटी लावली: 'टेट. येथे शंकानिरसन होईल.' आता महाराष्ट्रात टेट म्हटलं की माणसाला शिक्षक पात्रता परीक्षाच आठवते. दुसऱ्या दिवशी सकाळी डीएड झालेल्या पोरापोरींची फाटकाशी ही गर्दी. सरांना वाटलं, गोंदिया अखेर जागं झालं. त्यांनी अंगणात सतरंज्या अंथरल्या.

"सर, हे पेपर एकला येते का दोनला?" एका पोरानं विचारलं.

"तुझ्या जन्माच्या आधीपासून येतं," सर म्हणाले.

पोरांनी ते लिहून घेतलं. चार-पाच दिवस पोरं येत राहिली. शेवटी एक पोरगी घाबरत उभी राहिली. "सर, बालमानसशास्त्र कधी घेता?" तेव्हा कुठं उलगडा झाला. सरांचा चेहरा क्षणभर पडला, मग म्हणाले, "ते मला येत नाही. पण आलाच आहात तर टेट-दोन ऐकून जा." आणि पोरं थांबली. चहा चांगला असायचा.

सरांचं लग्न झालेलं नव्हतं. माणसं म्हणावीत तर दोन, थोरला भाऊ आणि वहिनी. दवनीवाड्याच्या पलीकडे त्यांचं गाव, तिथं धानाची शेती. वडील लवकर गेले. दादांनी शाळा सोडून नांगर धरला आणि धाकट्याला शिकवलं. सर हे कधी स्वतःहून सांगत नसत, पण शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की मोपेडला किक मारताना त्यांचा चेहरा सुट्टी लागलेल्या पोरासारखा व्हायचा. मीही पुढं दोन-चारदा त्यांच्या मागे बसून गेले.

दादा म्हणजे सगळं उलटं. बुटके, जाड मिशांचे, आवाज असा की धुऱ्यावरून हाक मारली तर पलीकडच्या गावचे बैल थांबावेत. दिवाळीनंतर त्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईत दिवसाढवळ्या दंडार होते. ढोलकी, नाच, गाणं आणि सोंगं. दादा त्या दंडारीचे राजे. रावण करा, भीम करा, दादाच. धाकट्याच्या विद्येबद्दल त्यांचं मत मी पहिल्याच भेटीत ऐकलं.

"काय शिकवते गा हा तुमच्या कॉलेजात?" त्यांनी मला विचारलं. "मले सांगते, मेथीनं अंग बिघडते म्हने."

"मेथी नाही दादा, मेथिल!" सर ओरडले.

"तेच ते. तुया वहिनीनं भाजी बंद केली नं बे तुयापायी."

वहिनींनी खरंच परसातली मेथी उपटून टाकली होती.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता दादांचा रंग उडाला. ओठ पांढरे पडले. हातावर न लागता निळे डाग उठायचे. एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर जाईपर्यंत मध्ये बसायला लागायचं. गोंदियाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. सगळ्याच पेशी कमी. ते म्हणाले, नागपूरला जा, हाडातली मज्जा तपासावी लागेल. रक्त तिथंच बनतं, तिथंच काहीतरी अडलं आहे.

"हाडात सुई?" दादा म्हणाले. "हाडं माये आहेत. मी नाही जात."

सरांना काय वाटत होतं ते त्यांनी मला मोपेडवर सांगितलं. वारा तोंडावर येत होता, म्हणून ओरडून सांगत होते. उतारवयात मज्जेतल्या पेशींत कधीकधी टेट-दोनचंच जनुक बिघडतं. मग मेथिल काढणारा लंगडा होतो, नको तिथं मेथिल साचतात, रक्ताच्या कोवळ्या पेशी नीट मोठ्या होत नाहीत. कुणाला त्याचा काही त्रास होत नाही, कुणाचं पुढं रक्ताच्या कॅन्सरवर जातं. "टेट हे नाव पडलं तेसुद्धा रक्ताच्या कॅन्सरमुळंच, मॅडम! दहा नंबर आणि अकरा नंबरच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली, त्यात हे सापडलं." नागऱ्याचा फाटा मागे गेल्यावर म्हणाले, "दादाला नसेल तसं. पण तपासल्याशिवाय कसं कळेल?"

त्यांनी समजावलं, हातापाया पडले, एकदा जेवायचे थांबले. दादा ढिम्म. शेवटी सरांच्या डोक्यात ती कल्पना आली. दादा डॉक्टरचं ऐकत नाही, भावाचं ऐकत नाही, पण दंडारीतलं सोंग दादाला नाही म्हणता येत नाही. सरांनी दंडार लिहिली. राजा टेट आणि राक्षस मेथिल.

राजा अर्थातच दादा. राक्षस मेथिल म्हणून गावचा धानगिरणीवाला निवडला. दाराच्या चौकटीत न मावणारा, पण बोलायला फार मऊ माणूस. तालमी दादांच्या अंगणात, दुपारच्या. पहिल्याच तालमीला घोटाळा. जनुकाचं काम करणारा एकजण दाढी, मुकुट लावून आला आणि विचारू लागला, "माही सीता कोठी आहे?" सरांनी 'जनुक हो' म्हणून निरोप धाडला होता, तो जनक राजा होऊन आला होता. दाढी चांगली जमली होती म्हणून तिला कुणी हात लावला नाही. रक्ताच्या जनुकांत एक जनक राजा शेवटपर्यंत राहिला.

दुसरी अडचण शास्त्राची. मेथिलनं जनुकांच्या तोंडावर काळी पट्टी बांधायची, की त्यांचं गाणं बंद. राजा टेटनं येऊन पट्टी काढायची. पण सरांना हे चालेना. टेट मेथिल एकदम ओढून काढत नाही, तो त्याचं रूप बदलत जातो, एकदा, दोनदा, तीनदा. मग दुसराच दुरुस्तीवाला येऊन तो तुकडा कापतो आणि कोरा बसवतो. म्हणून काळी पट्टी सोडून निळी, निळी सोडून पिवळी, पिवळी सोडून पांढरी, आणि शेवटी गावच्या न्हाव्यानं कात्री घेऊन यायचं.

"अरे, एक झटका देतो अना काढतो!" दादा म्हणाले. "पब्लिक जाईन नं जिलबी खायले."

"दादा, शास्त्र आहे."

"मंग शास्त्र बदल."

खरी ठिणगी दुसऱ्या अंकावर पडली. त्यात राजा टेट आजारी पडतो, त्याचे हात गळतात, राज्यात मेथिलचा धुमाकूळ होतो, आणि मग वैद्याकडे जायला राजा कबूल होतो. दादांनी वाचून घेतलं, म्हणजे सरांनी वाचलं आणि दादांनी ऐकलं. ते हळूच म्हणाले, "मी कधी हरलो नाही दंडारीत."

"हरत नाही दादा. आजारी पडतो."

"एकच झालं." ते उठून आत गेले. वहिनी आम्हाला चहा देताना पुटपुटल्या, "त्याहिले समजलं, भाऊजी. सारं समजून राहिलं त्याहिले."

तरी दादांनी सोंग सोडलं नाही.

मंडईच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. पाळणे, फुगे, जिलबीच्या कढया. मंडपाखाली अख्खं गाव आणि शेजारची दोन. सर मंचाच्या कडेला वही न घेता उभे, कारण सगळी दंडार त्यांना पाठ होती आणि ते सगळ्यांचेच संवाद ओठांतल्या ओठांत म्हणत होते. मेथिल आला. काळा झगा, कपाळाला बांधलेली शिंगं, कोळशाच्या मिशा. पोट्टे किंचाळले. त्यानं जनुकांची तोंडं बांधली. मग ढोलकी कडाडली आणि राजा टेट नाचत आला. असा आला की मी क्षणभर विसरले, हा माणूस आजारी आहे.

पहिल्या जनुकाची पट्टी काळी होती ती निळी झाली. निळीची पिवळी झाली.

"काढ नं बे एकदाची!" लोक ओरडले.

पट्टीआडूनच जनक राजा गायला लागला. त्याला दम निघेना. लोक हसून लोळायचे बाकी होते. न्हावी कात्री घेऊन चुकीच्या वेळी आत आला, सर त्याला हातानं परत ढकलत होते. आणि या सगळ्या गोंधळात दादांनी मंडपाचा खांब धरला. नाच थांबला नव्हता, पाय अजून तालात होते, पण हात खांबाला. मग ते हळूच खाली बसले. मुकुट घरंगळला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाटलं, सोंग आहे.

"उठ, टेट राजा, उठ!" पोट्टे ओरडत होते.

सर माकडटोपीसकट मंचावर धावले. त्यांना सगळ्यांचे संवाद पाठ होते, पण त्या वेळी एकही आठवला नाही. ते फक्त "दादा, दादा" म्हणत होते. दादांचा श्वास भात्यासारखा चालू होता. वहिनी बायांच्या घोळक्यातून उभ्या राहिल्या आणि साऱ्या मंडईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आता जासान का नाही दवाखान्यात? एवढ्या लोकाईसमोर सांगा!"

दादांनी मान वर केली. समोर सगळं गाव. ज्या गावासमोर ते कधी हरले नव्हते.

"जातो," ते म्हणाले. "पन चालता नाही येत."

तेव्हा राक्षस मेथिलनं राजा टेटला खांद्यावर टाकलं आणि मंच उतरला. हा शेवट कुठल्याही संहितेत नव्हता. लोकांना कळेना टाळ्या वाजवाव्या का नाही, म्हणून अर्ध्यांनी वाजवल्या. गिरणीवाल्याची पिकअप बाहेर उभी होती. मागे धानाच्या रिकाम्या पोत्यांवर दादा, वहिनी, सर आणि मी. पुढं शिंगं लावलेला मेथिल गाडी हाकतोय. रस्त्यात एका ट्रकवाल्यानं काचेतून त्याच्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

गोंदियाच्या दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "पेशंटचं नाव?"

"टेट-दोन," सर म्हणाले.

"आणि हे कोण?" ती शिंगांकडे पाहत म्हणाली.

"मी काही नाही केलं जी," गिरणीवाला घाबरून म्हणाला. "मी तं आनून सोडलं."

पोत्यावरून स्ट्रेचरवर जाताना दादा हसले. मला तेव्हा पहिल्यांदा धीर आला.

रक्ताच्या पिशव्या चढवल्या, मग नागपूर, मग हाडातली सुई. सुई टोचताना दादा एवढ्यानं ओरडले म्हणे की बाहेरचे पेशंट निघून गेले. पुढं तपासण्यांचे निकाल आले तेव्हा मीही सरांबरोबर होते. तरुण डॉक्टरांनी नीट समजावलं. मज्जेत रक्त धड पिकत नाही, वेळेत लक्ष दिलं नसतं तर पुढं कॅन्सरकडे वळलं असतं. जनुकांची तपासणी केली, त्यात टेट-दोन बिघडलेलं निघालं. "हे ऐकलंय का कधी?" त्यांनी सरांना विचारलं.

सर म्हणाले, "नाही."

त्या दिवसानंतर सरांनी टेटचं नाव घेणं सोडलं. कॉलेजात बेडकाचं हृदय शिकवलं, गांडूळ शिकवलं, सगळं वेळेत. अभ्यासक्रम परीक्षेच्या महिनाभर आधी संपला म्हणून पोरं घाबरली. फाटकावरची पाटी गेली. इतिहासाचे सर एक दिवस त्यांच्या शेजारी बसून स्वतःहून म्हणाले, "सर, ते टेट का काय होतं ना..." सर उठून गेले. आम्हाला स्टाफरूममध्ये जेवण जाईना.

इकडे दादांचं भलतंच. दर महिन्याला काही दिवस इंजेक्शनं घ्यायला नागपूरला जायचं, आणि त्या वॉर्डात दादा बोलायला थांबायचेच नाहीत. मी भेटायला गेले तर शेजारच्या खाटेवरच्या सावकाश बोलणाऱ्या आजोबांना ते सांगत होते, "मायावाला दोन नंबरचा बिघडला. तुमचा कोनता?" आजोबांना माहीत नव्हतं. "मंग विचारून घ्या नं डॉक्टरले. असं कसं? तिघं भाऊ असतेत ते." पलीकडे खिडकीशी सर पाठमोरे उभे होते.

इंजेक्शनं लागू पडली. वर्ष उलटेपर्यंत रक्त चढवायची पाळी क्वचित येऊ लागली. दादा अंगणापासून बांधीपर्यंत जाऊ लागले, मग बांधीवरच जाऊन इतरांवर ओरडू लागले.

मी गोंदिया सोडण्याच्या आधी त्यांचा निरोप घ्यायला गेले. थंडीची दुपार. दादा अंगणात उन्हाला खाटेवर, सर शेजारी स्टुलावर. वहिनी सुपात तांदूळ निवडत होत्या.

"काऊन बे लहान्या," दादा एकदम म्हणाले, "डॉक्टर बोलते, सिस्टर बोलते, तुयी वहिनी तं थांबतच नाही. तूच काऊन गप्प?"

सर खाली पाहत होते. "एवढे वर्ष तेच शिकवलं, दादा. अना माझ्याच घरात... मले काहीच नाही करता आलं."

"माया टेट तू बनवला होता का?"

"नाही."

"तूच बिघडवला का?"

"नाही नं."

"मंग? तोंड कायले पाडून राहिला?" दादा खाटेवर आडवे झाले. "सांग आता मले. हे सुईतलं औषध आत जाऊन करते काय? त्या पोरगेल्या डॉक्टरचं मले नाही समजत."

सरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"दादा, हे औषध टेटला दुरुस्त नाही करत. पेशी दुप्पट होते तेव्हा नव्या डीएनएवर मेथिल चढवणारं एक वेगळं एंझाइम असते. औषध जाऊन त्याचाच हात धरते. काढणारा लंगडा आहे, तर लावणाऱ्याले अडवायचं. मग हळूहळू मेथिल कमी होतात, गप्प झालेली जनुकं..."

पहिल्या वाक्यालाच दादांचे डोळे मिटायला लागले होते. दुसऱ्याला घोरणं सुरू झालं.

"झोपले वो भाऊजी ते," वहिनी हळूच म्हणाल्या.

"माहीत आहे," सर म्हणाले. त्यांनी दादांच्या पायावरचं पांघरूण वर ओढलं, स्टूल खाटेजवळ सरकवलं आणि आवाज खाली करून पुढं सांगायला लागले.